ब्रेक ऑइल ‘टॉप-अप’ करणाऱ्या आई-बाबांनो, आधी हिशेब द्या

मंडळी, आज जरा स्पष्टच लिहिते. राग आला तर येऊ द्या.

इथे अमेरिकेत आपली मुलं सोळा-सतरा वर्षांची झाली की लायसन्स येतं, आणि पाठोपाठ सेकंडहँड मस्टँग नाहीतर मियाटाचा हट्ट. आपण इन्शुरन्सची दहा कोटेशन्स मागवतो, गाडीचा ॲक्सिडेंट रिपोर्ट वाचतो, रंगावरून घरात दोन दिवस वाद घालतो. आणि बॉनेट उघडल्यावर ब्रेक फ्लुइड कमी दिसलं की काय म्हणतो? “अरे, एक बाटली आण आणि टाक वरून.” माझं भांडण या वाक्याशी आहे.

मी मेकॅनिक नाही, सीए आहे. पण गल्ल्यात रोज वीस रुपये कमी येत असतील आणि मालक रोज खिशातून भरत असेल, तर रात्री हिशेब जुळतो आणि चोर दुकानातच राहतो, एवढं मला नक्की कळतं. टॉप-अप म्हणजे तेच.

इंजिन ऑइल थोडंफार जळतं. ब्रेक फ्लुइड जळत नाही. ती बंद सिस्टिम आहे, त्यामुळे पातळी खाली जायची मुख्य कारणं दोनच. एक, ब्रेक पॅड झिजले. पिस्टन पुढे सरकतो, मागची जागा फ्लुइड भरतं. दोन, लीक. पहिल्या कारणात वरून भरलंत, तर पॅड संपत आल्याची खूण तुम्हीच पुसलीत. शिवाय नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की ते जास्तीचं फ्लुइड उतू जातं आणि गाडीचा रंग खातं. दुसऱ्या कारणात भरलंत, तर लीक झाकलंत. म्हणजे कारण न शोधता भरणं दोन्हीकडून चूकच.

“पण गॅरेजमध्ये खाली डाग नाही ना!” अहो, मास्टर सिलिंडरची मागची सील गेली तर फ्लुइड थेट ब्रेक बूस्टरमध्ये जाऊ शकतं, बाहेर थेंब दिसत नाही. टायरची आतली बाजू ओली आहे का, रबरी होजला भेगा आहेत का, खालच्या लोखंडी लाइन्स गंजल्यात का, हे बघावं लागतं. जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथे तर नक्कीच. गाडी उभी, इंजिन चालू, आणि पेडल अर्धा मिनिट सारखं दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर गाडी बंद करा आणि टो ट्रक बोलवा. “गॅरेजपर्यंत हळू नेतो” हे नको.

आता कुठलं फ्लुइड. आपण सगळे त्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण ते ऑइल नाही. चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल घातलं तर आतल्या रबरी सील फुगतात आणि सगळी सिस्टिम खराब होते.

डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०, डॉट ५.१ चा २६०. पण हे फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. पाणी मुरल्यावरचे आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८०. स्पोर्ट्स कारचे ब्रेक जोरात वापरले की प्रचंड तापतात. फ्लुइड उकळलं तर वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. म्हणून बाटलीवरचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका, फ्लुइड शेवटचं कधी बदललं ते विचारा. पोर्शे दर दोन वर्षांनी बदलायला सांगते, ते उगाच नाही.

आणि “पाच चारपेक्षा मोठा, म्हणजे भारी” असं म्हणून डॉट ५ आणू नका. ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही. डॉट ५ आणि डॉट ५.१ ही नावं सारखी असली तरी चीज वेगळी आहे. ३०० अंशांच्या वरचं रेसिंग फ्लुइड ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी असतं, त्यांना ते वरचेवर बदलावंही लागतं. कॉलेजला जाणाऱ्या गाडीला रिझर्व्हॉयरच्या झाकणावर आणि मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, सीलबंद बाटलीतून. वर्षभर गॅरेजमध्ये उघडी पडलेली बाटली फेकून द्या.

या शनिवारी मुलाला किंवा मुलीला घेऊन बॉनेट उघडा. पातळी बघा, तारखेसकट लिहून ठेवा, महिन्याने परत बघा. कमी झाली तर कुठे गेली, याचं उत्तर मिळेपर्यंत चावी तुमच्याकडे ठेवा.

पटलं नाही तर खाली कमेंटमध्ये भांडा. पण आधी बॉनेट उघडून या.