पाणीगेटच्या पीसीत अडकलेली मराठी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नियमित देखभाल थांबवली. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही, आणि घोटाळा नेमका तिथेच आहे. वडोदऱ्यात पाणीगेटपासून मांडवीपर्यंतच्या डीटीपीच्या दुकानांत आणि छोट्या छापखान्यांत दुसऱ्या दिवशीही पत्रिका कंपोज झाल्या असतील, बिलबुके निघाली असतील. चालतंय ना, मग हात कशाला लावायचा, हा आपला सर्वमान्य सिद्धान्त. या वेळी तो महागात पडणार आहे, आणि तोटा एकट्या दुकानदाराचा असणार नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमचे आयुष्य तिचा निर्माता ठरवतो. एक्सपी २००१च्या ऑक्टोबरात आली आणि ८ एप्रिल २०१४ला सोडून देण्यात आली. विंडोज ७ला २००९ ते जानेवारी २०२० एवढा काळ मिळाला. २०१५मध्ये दहावी आली, तेव्हा ही विंडोजची शेवटची आवृत्ती, असे कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने सांगितले होते. सहा वर्षांत अकरावी हजर! तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा हवा. धडधाकट चालणारे असंख्य जुने पीसी त्या अटीत बसत नाहीत.

देखभाल सुटलेल्या यंत्राचे काय होते, ते मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगाला दाखवले. पुढच्याच महिन्यात तशाच एका हल्ल्याने जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क या जहाज कंपनीच्या टर्मिनलचे काम ठप्प केले. आमच्या पीसीला इंटरनेटच नाही, असे सांगणाऱ्या ऑपरेटरने दिवसभरात किती गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह त्यात खोचले, ते आठवून पाहावे.

पण व्हायरसवर बोलणारे पुष्कळ आहेत. आमची चिंता मजकुराची आहे. १९९० नंतरची निदान दोन दशके मराठी मजकूर पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपी, आयएसएम, आकृती अशा फॉन्टांत लावला गेला. या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले होते. काना एका घरात, अर्धा न दुसऱ्या, रफार भलत्याच तिसऱ्या. आणि प्रत्येक कंपनीची घरांची वाटणी वेगळी. फॉन्ट काढला की अख्ख्या परिच्छेदाचे कंस, डॉलर आणि स्वल्पविराम होतात. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१पासून जागा होती. पेजमेकरला मात्र युनिकोड कधीच कळले नाही, आणि छापखान्यांना पेजमेकर सोडवला नाही.

त्यावर पुन्हा ‘लॉक’. चोरटी प्रत चालू नये म्हणून यातली बरीच सॉफ्टवेअरे पीसीच्या मागे खोचायच्या एका ठोकळ्यासह विकली जात. त्याचा ३२-बिट ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चढत नाही. ३२-बिटमध्ये मिळणारी शेवटची विंडोज म्हणजे दहावी. अकरावीत तो दरवाजाच नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची. तिच्या फायली अडोबीचे इनडिझाइन २०१२च्या सीएस६पर्यंत उघडत असे, पुढच्या आवृत्त्यांतून ती सोय काढून टाकली गेली. गंमत अशी, की इनडिझाइनमध्ये देवनागरी धड जुळायला लागली तीही सीएस६पासूनच. दोन्ही काठांना हात पोचेल अशी ही एकच आवृत्ती, आणि तीही आता जुनी झाली.

पुण्या-मुंबईत प्रकाशक आहेत, त्यांची आपली व्यवस्था आहे. वडोदऱ्याची गोष्ट निराळी. सयाजीराव महाराजांच्या काळी राजाश्रय असलेली मराठी आज इथे घरांच्या आणि मंडळांच्या जोरावर उभी आहे. तिचा लेखी संसार म्हणजे स्मरणिका, घराण्यांच्या वंशावळी, गणेशोत्सवाचे अहवाल, स्वखर्चाने काढलेले कवितासंग्रह. छापील प्रत स्कॅन करता येते, हे खरे. पण दीड-दोनशे छापलेल्या स्मरणिकेची प्रत शोधणार कोण? आणि जे कंपोज होऊन पैशांअभावी छापलेच गेले नाही, त्याची तर फाइलच तेवढी उरते.

जुना पीसी भंगारात देणे म्हणूनच आधी थांबले पाहिजे. त्याचे नेट तोडा, लॉक त्यालाच राहू द्या, फायलींबरोबर फॉन्टही दुसरीकडे उतरवून घ्या, प्रत्येक कामाची पीडीएफ काढा. फॉन्ट कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये येतो, पण रफार आणि वेलांट्या जागा सोडतात. माणसाने वाचल्याशिवाय तो विश्वासाचा नाही. हे वाचन छापखानेवाल्याच्या गळ्यात मारणे अन्यायाचे होईल. महाराजा सयाजीराव विद्यापीठात मराठीचा विभाग आहे. मराठी वाङ्मय परिषदेने फेब्रुवारी २०१८मध्ये ९१वे साहित्य संमेलन याच शहरात भरवून दाखवले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठी अभिजात झाली. तेव्हा वाटलेल्या पेढ्यांच्या मानाने महाराष्ट्राच्या राज्य मराठी विकास संस्थेला या कामाचा खर्च जड वाटू नये.

घरगुती वापराच्या विंडोज १०ला मिळालेली वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ची आहे. परिषदेने त्याआधी पाणीगेट, मांडवी, रावपुऱ्यातल्या दुकानांची निदान एक यादी करावी: कुणाकडे कोणत्या फॉन्टचा लॉक आहे, कुणाकडे कोणत्या मंडळाच्या फायली आहेत, आणि कुणाचा मुलगा धंदा बंद करून पीसी विकायला निघाला आहे.