रस्ट की सी?

‘सर्व्हरवरील जुनी साधने सी भाषेतील, म्हणून असुरक्षित; तीच साधने रस्टमध्ये नव्याने लिहिलेली, म्हणून सुरक्षित; सबब सर्वत्र बदल करावा.’ एवढ्याच मजकुराचे टिपण परवा माझ्या मेजावर स्वाक्षरीसाठी आले. मी ते परत पाठविले. साहेबांचा नव्याला विरोध आहे, अशी कुजबुज सुरू झाली आहे. म्हणून हा खुलासा.

रस्टची बाजू पोकळ नाही. ‘सुडो’ हे सामान्य वापरकर्त्यास प्रशासकाचे अधिकार मिळवून देणारे साधन. त्याच्या सीमधील आवृत्तीत २०११ साली शिरलेली स्मृती-हाताळणीची एक चूक जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाली. यंत्रावर साधे खाते असलेला माणूसही तिच्या आधारे सर्वाधिकारी होऊ शकत होता. या जातीच्या चुका रस्ट सहसा घडू देत नाही. किल्ल्यांचा जुडगा ज्याच्या हाती, त्याच्यापुरता भाषाबदलाचा खर्च मला रास्त वाटतो.

परंतु त्याच दमात टिपणात ‘कोअरयुटिल्स’ही होते: फाईल हलविणे, यादी लावणे, तारीख सांगणे अशी नित्याची साधने. ही बहुधा वापरकर्त्याच्याच अधिकारात चालतात. अर्थशास्त्राच्या भाषेत येथे सीमान्त लाभ थोडा आणि जोखीम भलतीकडेच. उबुंटूने ऑक्टोबर २०२५ मधील २५.१० या आवृत्तीत रस्टमधील साधने मूळ निवड म्हणून बसविली. त्याच महिन्यात आढळले की, ‘डेट’ला एखाद्या फाईलची तारीख विचारली तर ते चालू क्षणाचीच तारीख सांगते. परिणामी काही यंत्रांवर नव्या दुरुस्त्यांची स्वयंचलित तपासणी थांबली. सुरक्षेसाठी केलेल्या बदलाने सुरक्षेच्या दुरुस्त्यांचीच वाट अडविली! दोष लवकर निवारला गेला, हे खरे; पण तो स्मृतीचा नव्हता, वर्तनाचा होता. त्यावर कोणत्याही भाषेचा पहारा नसतो.

आमच्याकडे महिनाअखेरीची वेतनपत्रके अशाच तारखांवर विसंबून असलेल्या स्क्रिप्टांतून निघतात. त्या लिहिणारे गृहस्थ केव्हाच निवृत्त झाले. म्हणून मी शेऱ्यात एवढेच लिहिले: प्रत्येक साधनाचा प्रस्ताव स्वतंत्र मांडावा, दोन्ही आवृत्त्यांवर या स्क्रिप्टा एक महिना समांतर चालवून फरक दाखवावा, आणि रात्री बिघाड झाल्यास कोण येणार त्याचे नाव लिहावे.

टिपण अद्याप परत आलेले नाही.