गाडीतून पाहिलेला गड

इटलीची सहल करून आलेल्या माणसाशी वाद घालणे हल्ली कोल्हापुरात फार कठीण झाले आहे. एक तर तो प्रथम आपल्या हाती चॉकलेट ठेवतो, त्यामुळे तोंड अडकते, आणि मग मोबाइलवरील तीनशे छायाचित्रे दाखवीत म्हणतो, "तिकडचे किल्ले पाहा, साहेब! आणि आपले? नुसते दगडांचे ढीग!"

हे वाक्य यंदा मी निदान चार दिवाणखान्यांत ऐकले. शेवटचे ऐकविणारे गृहस्थ आमच्याच पेठेतले. पन्हाळ्याचा डोंगर त्यांच्या गच्चीवरून दिसतो. मी त्यांना एवढेच विचारले, "तीन दरवाजा गडाच्या कोणत्या अंगाला आहे हो?" ते म्हणाले, "गाड्या लावतात ना, तिथून जवळच." आता सांगा, या माणसाने पन्हाळा पाहिला आहे काय?

माझे स्पष्ट म्हणणे असे की, आम्ही कोल्हापूरकर पन्हाळ्याला जातो, पण पन्हाळा पाहत नाही. वीस किलोमीटरांचा रस्ता, वाघबीळचा घाट, दोन-तीन ठिकाणी उतरून फोटो, झुणका-भाकर, गरम भजी आणि अंधार पडायच्या आत घरी. यालाच आम्ही 'किल्ला केला' असे म्हणतो. मग इटलीत तिकीट काढून, वाटाड्याच्या मागे मुकाट्याने दोन तास पायपीट केलेला किल्ला मोठा वाटला, तर त्यात नवल ते कोणते? तेथे आपण लक्ष देतो. येथे भजी खातो.

'दगडांचे ढीग' हा शब्द मात्र मला सहन होत नाही. हे ढीग झाले कसे, हे कोल्हापूरच्या माणसाने तरी विसरू नये. 1844 साली गडकऱ्यांच्या वंशपरंपरागत जमिनींवर मामलेदारी कारभाराचा हात पडला, तेव्हा सामानगड आणि भुदरगड येथील गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. बंड पसरत पन्हाळ्यापर्यंत आले. ओव्हान्स नावाचा इंग्रज कर्नल तर गडावर कैदेत पडला! 1 डिसेंबर 1844 रोजी इंग्रज फौजेने तटाला खिंडार पाडून पन्हाळा घेतला आणि मग किल्ल्यांची मोडतोड आरंभली. आपण ज्या वाटेने गाडी घालून गडावर शिरतो, तेथे चार दरवाजा उभा होता. तो पावसाने पडला नाही, काळाने खाल्ला नाही, पाडला गेला. गाडीच्या काचेतून तेथे काहीच दिसत नाही, कारण पाडणाऱ्यांनी काम चोख केले होते. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट झाली, आणि ती दरवाजा पाडण्याहून वाईट. गड राखणारी माणसे गडावरून उठली.

गड म्हणजे काय, हे मोठ्यांपेक्षा मुलांना अधिक कळते असे मला दर दिवाळीत वाटते. आमच्या गल्लीतली पोरे मातीचा किल्ला करतात, त्यावर हळीव पेरतात आणि मग मांडणी करतात. दरवाजावर मावळे, विहिरीवर पाणी नेणारी बाई, बाजारात वाणी, तळाशी शेतकरी. रिकामा किल्ला एकही पोर करीत नाही. रिकामा किल्ला ही मोठ्या माणसांची आवड!

इटलीतून शिकायचेच असेल तर हे शिकावे. सिएना शहराजवळ मोंतेरिज्जोनी नावाचे तटबंदीचे गाव आहे. तेराव्या शतकाच्या आरंभी सिएनाकरांनी ते वसविले. चौदा बुरूज, आणि तटाचा घेर पुरता सहाशे मीटरही नाही. शिलाहार राजा दुसरा भोज याने पन्हाळा बांधला तो साधारण त्याच सुमारास, थोडा आधीच. आणि आमच्या तटबंदीची लांबी सात किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे मोजमापात हार आमची नाही. पण त्या इवल्या तटाच्या आत आजही माणसे राहतात, वाळत घातलेले कपडे दिसतात, आणि म्हणूनच ते गाव पाहण्यासारखे आहे.

पन्हाळ्यावरही माणसे राहतात. तीन हजारांच्या आसपास वस्ती आहे. 1782 पर्यंत करवीर राज्याची गादी या गडावर होती. कवी मोरोपंत 1729 साली येथेच जन्मले. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मानले, त्यांत पन्हाळा आहे. आनंद झाला, पेढे वाटले. पण त्याआधी गडकरी मंडळींना आपल्या घरादुकानांवर काय निर्बंध येतील याची धास्ती वाटत होती, तेव्हा खाली शहरात काही शहाणे म्हणू लागले, "हलवा की त्यांना खाली! गड कसा मोकळा दिसेल!" मोकळा! 1844 चे राहिलेले काम आम्ही आपल्या हातांनी पुरे करायचे काय? बेशिस्त बांधकामे जरूर रोखा. तटाला सिमेंट फासणाऱ्याचे हात धरा. पण माणूस आणि अतिक्रमण हे समानार्थी शब्द नव्हेत.

जाता जाता एक गोष्ट. इटलीला जाणाऱ्या कोल्हापूरकरांपैकी कितीजण फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीकाठच्या उद्यानाच्या टोकापर्यंत जातात? आमचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी त्या शहरात वारले; वय विशीच्या घरात. नदीच्या संगमावर त्यांना अग्नी दिला, तेथे 1874 साली छत्री उभी राहिली, आणि शेजारच्या पुलालाही लोक 'इंडियानो'चाच पूल म्हणतात. परक्यांनी आमच्या राजाची आठवण राखली. माझ्या त्या गृहस्थांच्या तीनशे फोटोंत ती छत्री नव्हती.

असो. या दिवाळीत मुलांना घेऊन एकदा पन्हाळा पायी पाहा. बुधवार पेठेत गाडी सोडा आणि उरलेला चढ चढा. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारे आहेत. त्यांच्या जाड भिंतीशी उभे राहून 1660 च्या वेढ्यात सिद्दी जौहर महिनोन्‌महिने खाली का बसून राहिला याचा विचार करा. तसेच पश्चिमेला तीन दरवाजाकडे जा. एका दरवाजातून दुसऱ्यात जाताना मधल्या चौकात क्षणभर थांबा आणि शत्रू येथे सापडला तर त्याचे काय होईल, हे पोरांनाच विचारा. ती बरोबर सांगतील. शेजारी अंधार बाव आहे. शत्रूने पाण्यात विष कालवू नये म्हणून विहिरीवर तीन मजले चढविले, शिपाई ठेवले, तटाबाहेर निघायला चोरवाट ठेवली. आणि जमल्यास राजदिंडीपर्यंत जा. भर पावसाच्या त्या रात्री शिवाजी महाराज जेथून विशाळगडाकडे निघाले, ती वाट तेथून मसाईच्या पठाराकडे उतरताना दिसते.

पाय दुखतील. मग कोठेतरी सावलीत झुणका-भाकर मागवा. ती करणारी बाई बहुधा गडावरचीच असेल. तिला घर कोणत्या बाजूला आहे, असे जरूर विचारा.