पट्ट्यांवरचा हात कुणाचा?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आमच्या शिवथरला पाऊस लागला की वीज आणि नेटवर्क दोघंही रजेवर जातात. तेव्हा उशिराबद्दल रागावू नका.

परवा नातू आला होता. त्याच्या मोबाइलवर काहीतरी वाजत होतं. खाली बोंगो-कोंगाचा नाचरा ठेका आणि वर घुंगरासारखा, पण लांबत जाणारा, थरथरता नाद. मी म्हटलं, "अरे, हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. आपल्या जुन्या सिनेमाच्या गाण्यांत असायचा."

"आजोबा, ह्याला व्हायब्राफोन म्हणतात."

सत्तरी ओलांडल्यावर एका ओळखीच्या आवाजाचं नाव कळलं! धातूच्या पट्ट्या काठ्यांनी वाजवायच्या. खाली नळ्या, नळ्यांच्या तोंडाशी मोटरवर फिरणाऱ्या चकत्या. त्यामुळे नाद थरथरतो, आणि पायाखालच्या पेडलने तो लांबवता येतो. आपल्या जलतरंगाची ही परदेशी चुलत बहीणच म्हणा ना.

वाजवणारा होता कॅल जेडर (१९२५-१९८२). घराणं स्वीडिश वंशाचं, जन्म अमेरिकेतला, आणि जीव जडला क्यूबाच्या तालांवर. 'सोल सॉस' (१९६५) ही त्याची गाजलेली तबकडी. १९७९ च्या एका तबकडीला ग्रॅमी मिळालं. पुढे दौऱ्यावर असताना मनिलात तो गेला. पण मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. 'सोल सॉस'वर त्याच्याबरोबर ताल धरणारे विली बोबो आणि अर्मांडो पेराझा कोण, हे नातवाने मला दोन मिनिटांत सांगितलं. साथीदारांची नावं तबकडीबरोबर जगभर गेली होती.

मग मी विचारलं, "आपल्या गाण्यांत हे कोण वाजवायचं रे?" त्यावर मात्र शोधाशोध करावी लागली.

उत्तर निघालं मुंबईतल्या एका पारशी घरात. वडील कावस लॉर्ड. बोंगो, कोंगा, मराकस अशी लॅटिन अमेरिकेची तालवाद्यं हिंदी सिनेमात रुजवण्याचं श्रेय जाणकार त्यांना देतात. पुणतांब्याच्या आपल्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, 'समाधी' (१९५०) आणि 'अलबेला' (१९५१) मध्ये ज्या ठेक्यांवर देशाला डोलायला लावलं, ते ठेके तिकडचेच. कावसजींचे चिरंजीव केरसी (१९३५-२०१६) आणि बर्जोर ऊर्फ बुजी. बुजी ड्रम्स आणि व्हायब्राफोन वाजवत. 'हम दोनो' (१९६१) मधल्या सिगारेट लायटरची ती किणकिणणारी धून आठवते? ती केरसींच्या ग्लॉकेनश्पीलवरची. 'आराधना' (१९६९) मधल्या पावसाळी रात्रीच्या गाण्यातलं अॅकॉर्डियनही त्यांचंच. या तिघांवर 'द ह्यूमन फॅक्टर' हा माहितीपट निघाला, पण कधी? २०१२ साली. तोवर ती गाणी ऐकत आमची हयात गेली होती!

कुणी म्हणेल, गाणं संगीतकाराचं आणि गायकाचं. पन्नास वादकांची नावं लिहायची कुठे? तबकडीवरची जागा ती केवढी! पण एक आठवण करून देतो. 'महल' (१९४९) च्या तबकडीवर लताबाईंचंही नाव नव्हतं, पडद्यावरच्या पात्राचं 'कामिनी' हे नाव छापलं होतं. श्रोत्यांनी रेडिओला पत्रं लिहून गायिकेचं नाव विचारलं, तेव्हा ते सांगितलं गेलं. म्हणजे अडचण जागेची नव्हती. गाणारीचं नाव आपण विचारलं, वाजवणाऱ्याचं कधी विचारलंच नाही. आणि आता तर पडद्यावर कितीही नावं लिहिता येतात. तिथे जागेची सबब चालायची नाही.

पण दुसऱ्याला बोल लावण्याआधी स्वतःचं सांगतो. शाळेत असताना स्नेहसंमेलनाची पत्रिका वर्षानुवर्षं मी लिहीत असे. पाहुण्यांचं नाव ठळक, खाली गाणाऱ्या मुलांची नावं. पेटी वाजवायला शेजारच्या वाडीतून एक गृहस्थ यायचे. चिखल तुडवत, पेटी डोक्यावर घेऊन. मुलं सूर सोडून भरकटली की पट्टी बदलून त्यांना सांभाळून घ्यायचे. शेवटी चहा घेऊन अंधारात परत जायचे. एकाही पत्रिकेत मी त्यांचं नाव घातलं नाही. त्यांनीही कधी मागितलं नाही. मला मात्र आजवर वाटत होतं, की मी कुणावर अन्याय केला नाही. आता ते गृहस्थ नाहीत, आणि जुन्या पत्रिका चाळल्या तर ते कधी होतेच असं कुणाला वाटणार नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. नाव देणं हे उपकार नव्हेत, तो हिशेब आहे. ज्याने काम केलं त्याच्या खात्यावर ते मांडायला हवं.

असो. जाता जाता नातलगांना एक विनंती. गणपतीत जाखडीचा नाच मोबाइलवर टिपाल, घरच्या ग्रुपवर टाकाल, तेव्हा खाली ढोलकी कुणाची ते लिहा. ठाऊक नसेल तर जाऊन विचारा. तेवढ्या निमित्ताने चार शब्द बोलणंही होईल.