ताईत, भिंग आणि सिद्धी

जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एका लॉकेटासंबंधी निकाल दिला. जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात. ‘हनुमान चालीसा यंत्र’ या नावाने दूरचित्रवाणीवर विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या जाहिरातींविरुद्ध एका शिक्षकाने याचिका दाखल केली होती. देवाच्या नावाने एखाद्या वस्तूला अलौकिक शक्ती चिकटवून तिची जाहिरात करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसत नाही, आणि अशी जाहिरात दाखवणाऱ्या वाहिनीलाही हात झटकता येणार नाहीत, असे न्यायालयाने सांगितले.

निकाल योग्यच होता. परंतु न्यायालयापुढे प्रश्न दाव्याचा होता, वस्तूचा नव्हता. भिंगवाल्या लॉकेटांचा हा सारा प्रकार ज्या तंत्रावर उभा आहे, त्या तंत्राविषयी फारसे कोणी बोलले नाही. इतिहासाची गरज नेमकी तिथेच आहे. कारण अशा लॉकेटाच्या बाबतीत विक्रेत्याचा सर्वांत भक्कम साक्षीदार म्हणजे गिऱ्हाइकाचा स्वतःचा डोळा. तिळाएवढ्या भिंगाला डोळा लावला की अख्खा मजकूर खरोखरच दिसतो! त्यात कसलीही फसवणूक नाही. जे दिसते ते खरे, म्हणून जे सांगितले जाते तेही खरे असावे, असे मन समजून चालते. खोट्याला खऱ्याचा जामीन मिळतो तो असा.

हा जामीन मोडायचा, तर ते भिंग आले कुठून हे पाहावे लागते.

१८३९ हे छायाचित्रणाच्या जाहीर जन्माचे वर्ष. त्याच वर्षी मँचेस्टरच्या जॉन बेंजामिन डान्सर या उपकरणकाराने वीस इंच लांबीच्या कागदाचे छायाचित्र एक अष्टमांश इंचात उतरवले, म्हणजे १६० पटींनी लहान. पुढे कलोडियनची पद्धत आल्यावर अशी चित्रे काचेवर सुबक उमटू लागली आणि डान्सर ती विकू लागला. त्यांत ख्रिस्ती प्रार्थना होती, दहा आज्ञाही होत्या. टाचणीच्या माथ्याएवढ्या जागेत धर्मवचन बसवण्याचा मोह असा पहिल्यापासूनचा. अडचण एकच होती : ते वाचायला सूक्ष्मदर्शक लागे, आणि सूक्ष्मदर्शक कोणी गळ्यात घालून जत्रेला जात नाही.

कॅलिडोस्कोपचा जनक डेव्हिड ब्रूस्टर याने ही चित्रे दागिन्यांत बसवता येतील असे सुचवले. पॅरिसच्या रेने दाग्रोंने ते प्रत्यक्षात आणले आणि १८५९ मध्ये पेटंट घेतले. त्याची युक्ती इतकी साधी आहे की आजही कौतुक वाटावे. काचेची एक बारीक कांडी घ्यायची, लांबीला काही मिलिमीटर, जाडीला त्याहूनही कमी. तिचे एक टोक घासून फुगीर करायचे, दुसरे सपाट ठेवायचे. फुगीर टोकातून शिरणारे प्रकाशकिरण ज्या अंतरावर एकवटतात, नेमकी तेवढीच कांडीची लांबी ठेवायची. मग सपाट टोकावर चित्राचा काचतुकडा कॅनडा बाल्समने चिकटवला की काम झाले. चित्र कायम नाभीवरच असल्यामुळे पुढेमागे सरकवून जुळवायला काही उरत नाही. भिंग, नळी आणि चित्र या तिन्ही गोष्टी त्या एका कांडीत सामावल्या. ब्रिटिश उमराव चार्ल्स स्टॅनहोप याच्या जुन्या भिंगाचे हे सुधारलेले रूप, म्हणून अशा वस्तूंना ‘स्टॅनहोप’ हेच नाव पडले.

एकेका चित्रासाठी वेगळा खटाटोप करण्याऐवजी दाग्रों एकाच काचेवर शेकडो चित्रे घेई आणि ती कापून काढी. १८६० च्या दशकाच्या आरंभी त्याच्याकडे दीडशेच्या आसपास कामगार होते आणि दिवसाला हजारो नग तयार होत. हाडाच्या लेखण्या, सुयांच्या डब्या, अंगठ्या, घड्याळाच्या साखळीला लटकवायच्या चिमुकल्या दुर्बिणी, कागद कापायच्या सुऱ्या अशा कशातही हे भिंग लपे. आत एखाद्या शहराचे दृश्य असे, राजघराण्यातील चेहरा असे, तीर्थस्थानी घेतलेल्या क्रुसात प्रार्थना असे. आणि सभ्य गृहस्थांच्या साखळीवर काही वेळा असे चित्र असे की ते बायकोच्या हाती लागू नये. एकच कांडी भक्तीलाही चाले आणि चावटपणालाही.

या खेळण्याचा पराक्रम दिसला तो युद्धात. १८७० मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला आणि बाहेरून आत पत्र पोहोचेना. नोव्हेंबरात दाग्रों बलूनमधून शहराबाहेर निसटला. सामान वाहणारे दुसरे बलून शत्रूच्या हाती पडले, तरी त्याने काम उभे केले. पत्रांची सूक्ष्म छायाचित्रे पातळ पापुद्र्यावर घेऊन, ती गुंडाळी पिसाच्या नळीत घालून कबुतराच्या शेपटीला बांधत. पॅरिसमध्ये तो पापुद्रा मॅजिक लँटर्नमधून मोठा करून लेखनिक मजकूर उतरवून घेत. दागिन्यात लपणारे चित्र वेढ्यातल्या शहराची टपाल झाले. पुढे दफ्तरखान्यांत शिरलेली मायक्रोफिल्म याच कुळातली.

आता ताइताकडे यावे. मजकूर लहान करून अंगावर बाळगणे भारताला नवे नाही. गीतेच्या बारीक अक्षरांतल्या चिंचोळ्या गुंडाळ्या आणि मुठीत मावणारी कुराणे अनेक संग्रहांत आहेत. तांब्याच्या किंवा चांदीच्या पेटीत कागद वा भूर्जपत्र घालून ती दंडाला बांधण्याची रीत तर घरोघर होती. परंतु ताईत आणि स्टॅनहोप यांच्यात एक मूलभूत फरक आहे. ताईत बंद असतो. तो उघडू नये हाच त्याचा नियम. आत काय लिहिले आहे हे बांधणाऱ्याला ठाऊक, घालणाऱ्याला नाही. भिंग मात्र ‘पाहा’ म्हणते. उघडून, उजेडाकडे धरून, तपासून पाहण्यासाठीच ते घडवलेले आहे. जाहिरातदारांनी ताइताची भीती आणि भिंगाची प्रतीती एकाच लॉकेटात ओतली. ही त्यांची खरी चलाखी, आणि धंदा म्हणून ती हुशारच म्हणावी लागेल.

यात चालीसा गळ्यात घालणाऱ्याची टवाळी करण्याचे काहीच कारण नाही. तुलसीदासांच्या चाळीस चौपाया कोणाला छातीशी बाळगाव्याशा वाटल्या तर तो ज्याचा त्याचा भाव. शहरी बुद्धिवादी मंडळी अनेकदा इथेच घसरतात : ते श्रद्धेला हसतात आणि भिंगाविषयी एक वाक्यही बोलत नाहीत. मग ऐकणाऱ्याला अपमान तेवढा कळतो, प्रकाशशास्त्र कळतच नाही.

महाराष्ट्रात जादूचा भास निर्माण करून तो भास आहे हे न लपवणारी एक चांगली परंपरा आहे. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ मध्ये काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर नाचवली. खेळाला नाव दिले ‘शांबरिक खरोलिका’, मायावी शंबरासुराच्या नावावरून. नाव असुराचे, काम दिव्याचे आणि भिंगाचे. सिद्धीचा दावा कुठेच नाही.

खान्देशातले उदाहरण तर याहून जवळचे. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावात रेल्वे स्थानकाजवळच्या घरात आयुष्य काढलेले छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) ‘टेबलटॉप’ छायाचित्रणासाठी ओळखले जातात. टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या, प्रकाश जुळवायचा आणि विस्तीर्ण निसर्गदृश्याचा भास होईल असे चित्र घ्यायचे. दाग्रोंने विशाल शहर तिळात कोंबले. मूस यांनी टेबलाएवढ्या जागेत क्षितिज उभे केले. दिशा उलट, पण शास्त्र तेच : वस्तूचे आकारमान डोळा ठरवत नाही, भिंग आणि अंतर ठरवते. आणि प्रकाराचे नावच ‘टेबलटॉप’! ज्या चित्राने डोळा फसतो, त्याच्या नावातच फसवणुकीची कबुली आहे. ज्या प्रदेशात असा माणूस होऊन गेला, तिथल्या मुलांना भिंगातला चालीसा हा चमत्कार वाटावा, हे शाळांना शोभणारे नाही.

कारण शाळेत हे दाखवणे अवघड नाही, खर्चिक तर अजिबात नाही. ‘शंभर भाषांत आय लव्ह यू’ असे लिहिलेली लॉकेटे सध्या ऑनलाइन आणि कटलरीच्या दुकानांत सर्रास मिळतात. भिंगाला मोबाइलचा टॉर्च लावला की भिंतीवर अक्षरे उमटतात. दाग्रोंच्याच कल्पनेचे हे स्वस्त वंशज. प्रेमाच्या लॉकेटात सिद्धपुरुषाची शक्ती आहे असे कोणी म्हणत नाही, म्हणून ते कोर्टात गेले नाही. तत्त्व दोन्हीकडे एकच.

धुळ्याच्या किंवा अमळनेरच्या एखाद्या इतिहासाच्या शिक्षकाने असे लॉकेट वर्गात न्यावे. खिडक्या लावून घ्याव्यात. भिंतीवर पडलेले एक अक्षर पट्टीने मोजायला लावावे, टॉर्च आणि भिंग घेऊन दोन पावले मागे सरकावे आणि तेच अक्षर पुन्हा मोजायला लावावे. दोन्ही आकडे फळ्यावर लिहून झाले की मग १८५९ सालच्या पॅरिसची गोष्ट सुरू करावी.