सलाईनची बाटली म्हणजे जेवण नव्हे

कपाशी वेचणीचे दिवस आले की सोनाळा परिसरातल्या कुठल्याही दवाखान्यात संध्याकाळी एक वाक्य हमखास ऐकू येते. "डॉक्टर, अंगात जीवच नाही वाटत. एक बाटली लावून द्या."

ताप नाही, उलटी नाही, जुलाब नाही. मग मी विचारतो, "सकाळपासून काय खाल्लं?" उत्तरही ठरलेले असते. सकाळी चहा आणि टोस्ट, दुपारी शेतात भाकर आणि मिरचीचा ठेचा, चार वाजता पुन्हा चहा. बहुतेक वेळा ती बाई असते. पहाटे उठून सगळ्यांचे डबे तिने केलेले असतात, पण स्वतः खाऊन निघायला तिला वेळ मिळालेला नसतो.

"कामाच्या घाईत झटपट काय खावे" हा विषय निघाला की शहरातल्या ऑफिसला जाणाऱ्या माणसांचा विचार होतो. माझ्या मते हा प्रश्न आधी मजुरीला जाणाऱ्या बाईचा आहे. तिच्यापुरते झटपट जेवण म्हणजे सलाईनची बाटली झाली आहे, आणि ते जेवण नाही.

बाटलीत असते तरी काय?

सलाईन म्हणजे मिठाचे पाणी. ५०० मिलीच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते आणि कॅलरी शून्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे एका बाटलीत जवळजवळ दिवसाचे मीठ शिरेत जाते. रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी हे नीट लक्षात ठेवावे.

दुसरी बाटली ग्लुकोजची. ५ टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. त्यातून जेमतेम ८५ कॅलरी मिळतात. ज्वारीची एक मध्यम भाकर याच्या दुपटीहून जास्त देते. या दोन्ही बाटल्यांत प्रथिने नाहीत, लोह नाही.

मग बरे का वाटते? तासभर पडून राहता येते, दिवसभर पाणी कमी प्यायलेले असते ते भरून निघते, आणि कोणीतरी आपली विचारपूस करते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी घरीही मिळू शकतात. तिसरीही मिळायला हवी.

सलाईन वाईट आहे असे मी म्हणत नाही. सतत उलट्या-जुलाब, उष्माघात, डेंग्यूची गंभीर अवस्था, अपघातातला रक्तस्राव अशा वेळी तीच जीव वाचवते. पण भुकेवर ते औषध नाही. यात दोष फक्त रुग्णांचा नाही. "नाही लावली तर दुसऱ्या दवाखान्यात जाईल" या भीतीने आम्ही डॉक्टरही बाटली लावतो, हे कबूल केले पाहिजे.

थकव्याचे खरे कारण

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे दर दोघींपैकी एकीला. तेव्हा थकवा रोजचाच असेल तर बाटली मागण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. सरकारी दवाखान्यात तपासणी होते आणि लोहाच्या गोळ्याही मोफत मिळतात. जेवणासोबत किंवा जेवल्याबरोबर चहा घेतला तर अन्नातले लोह कमी शोषले जाते. म्हणून चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवा. उलट लिंबू किंवा संत्रे सोबत असेल तर लोह जास्त शोषले जाते.

दुसरी उणीव प्रथिनांची. ५० किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४० ग्रॅम प्रथिने लागतात. भाकर-ठेच्यात ती पुरेशी मिळत नाहीत. आपल्याच शिवारात तूर, मूग, हरभरा, सोयाबीन पिकते. ते बाजारात जाते आणि त्या पैशातून घरी बिस्किटाचे पुडे येतात, याचे मला वाईट वाटते.

मग झटपट काय खायचे?

नवीन पदार्थ शिकायची गरज नाही. हे करून बघा:

१. घरात फुटाणे आणि शेंगदाण्यांचा एक डबा कायम भरलेला ठेवा. ५० ग्रॅम फुटाणे आणि २५ ग्रॅम शेंगदाणे यांतून सुमारे १५ ग्रॅम प्रथिने आणि ३०० कॅलरी मिळतात. निघताना ओच्यात बांधा, चुलीची गरज नाही.

२. रात्री हरभरे भिजत घाला, सकाळी कुकरमध्ये घुगऱ्या करा. वरून कांदा आणि लिंबू.

३. खिचडीत तांदूळ आणि मुगाची डाळ निम्मे-निम्मे घ्या. नुसत्या पिवळ्या भातासारखी खिचडी नको.

४. रात्रीची भाकर उरली असेल तर ताकात किंवा दह्यात कुस्करून खा, सोबत जवसाची चटणी. उकडलेले अंडे चालत असेल तर फारच उत्तम.

५. नूडल्सच्या पाकिटावर सोडियम किती आहे ते बघा. त्याला अडीचने गुणले की मीठ किती ते कळते.

किडनीचा आजार असेल तर डाळी किती खायच्या हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आपल्या खारपाणपट्ट्यात हे सांगणे फार गरजेचे आहे. मधुमेह असेल तर फुटाण्यांसोबत गूळ नको.

शेवटचे, पण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे

वरची यादी वाचून घरातल्या बाईने पहाटे आणखी अर्धा तास लवकर उठावे असे कोणाला वाटत असेल, तर माझे म्हणणे पोहोचलेच नाही. ते काम घरातल्या पुरुषांनो, तुमचे. रात्री हरभरे भिजत घालायला दोन मिनिटे लागतात. फुटाण्यांचा डबा भरून ठेवायला तेवढीही नाहीत. आणि सकाळी ती निघताना एकच प्रश्न विचारा, "तू खाल्लंस का?"

हा प्रश्न घरी विचारला गेला, तर संध्याकाळी मला तो विचारावा लागणार नाही.