कोरंगीचें बंदर आणि आमची प्राणहिता

अहेरीच्या मुलांस आम्ही शाळेंत विचारतों, "प्राणहितेचें पाणी जातें कोठें?" उत्तर येतें, "सिरोंचास, गोदावरीला." त्यापुढें कोणी जात नाहीं. पुढें समुद्र आहे, आणि त्याच्या काठीं कोरंगी नांवाचें जुनें बंदर होतें. त्याची हकीकत आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंनीं ऐकण्याजोगी आहे.

गोदावरीच्या मुखाजवळील या गांवीं गलबतें बांधीत व दुरुस्त करीत. १७८९ सालीं व पुन्हां १८३९ सालीं समुद्र खवळून गांवांत शिरला. हजारों जीव गेले. नदीचा गाळही सांचत गेला आणि व्यापार काकिनाड्यास वळला. पुढें ब्रह्मदेशांत मजुरीस गेलेल्या तेलंगी लोकांस तेथें 'कोरंगी' म्हणत. बंदराचें वैभव गेलें. नांव तेवढें हमालाच्या पाठीवर उरलें!

आतां आमचा संबंध पाहा. धवळेश्वरचा बंधारा बांधणारा इंजिनियर आर्थर कॉटन यानें वऱ्हाडचा कापूस वर्धा, प्राणहिता व गोदावरीवाटे नावांतून समुद्रास न्यावा, असा बेत मांडला. वाटेंत खडकांचे तीन मोठे अडथळे होते; दुम्मागुडम्, ईंचमपल्ली, आणि तिसरा आमच्याच देवलमरीजवळ. कामें सुरू झालीं. परंतु १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली आणि १८७१ सालीं सरकारनें कामें थांबविलीं. बेत मांडतांना वा मोडतांना काठच्या गोंड, माडिया, ढीवर बांधवांस विचारण्याची रीतच नव्हती. कापूस विलायतेच्या गिरण्यांस हवा होता. नदी मात्र आमची होती.

तो काळ गेला म्हणावें, तर २०१९ सालीं तेलंगणानें मेडीगड्ड्यास बांध उभारला. सिरोंचा तालुक्यांतील शेतें पाण्याखालीं गेलीं व भरपाईसाठीं शेतकऱ्यांस झगडावें लागलें. २०२३ च्या आक्टोबरांत त्या बांधाचे खांबच खचले.

बंधूंनो, नदीवर बांध नकोच, असें आमचें म्हणणें नाहीं. पाणी अडवावें, पण ज्याची जमीन बुडते त्यास आधीं विचारावें. १९९६ च्या पेसा कायद्यानें आपल्या भागांत जमीन घेण्यापूर्वीं ग्रामसभेचा विचार घेणें भाग आहे. पण सभेस गेलेंच नाहीं, नोटीस वाचलीच नाहीं, तर कायदा काय करील? म्हणून आमचें सांगणें एवढेंच: मुलांमुलींस शाळेंत धाडा, आणि वाचून घेतल्यावांचून कोणत्याही कागदावर अंगठा उठवूं नका.